कौतुकाचं वजन

पत्र थोडं कापून छापते आहे.

‘डॉक्टर, मी ३४ वर्षांची. मुलगी ७ वर्षांची आहे. तिच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत उलट्या थांबल्या नाहीत, पोटात पाणीही ठरायचं नाही. दिवस पूर्ण भरले तरी जन्मली तेव्हा वजन २ किलो १०० ग्रॅम. आता मात्र तिने छान अंग धरलं आहे, सगळे म्हणतात, हीच का ती काडी! आता मला पुन्हा दिवस गेले आहेत, २७वा आठवडा चालू आहे. साखरेच्या चाचणीत उपाशीपोटी ९८ आणि दोन तासांनी १६८ आले. घरी मशीनवर जेवणानंतरचे आकडे बरे येतात, पण सकाळचा ९६ ते १०२ मध्ये अडकून बसलाय. डॉक्टर म्हणाल्या, सकाळची शुगर उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करू. मला ते नको आहे, बाळापर्यंत जाईल. म्हणून १० दिवस रात्रीचं जेवण बंद केलंय. वजनही अर्धा किलो कमी झालं, पण सकाळचा आकडा हटत नाही. त्यात नणंदेने एक लेख पाठवला. आईला गरोदरपणात जे होतं त्यावर मुलांचा पुढचा मधुमेह, लठ्ठपणा, बीपी ठरतं, असा. खाली फक्त “वाचून घे” लिहिलं होतं. तेव्हापासून झोप नाही. पहिलीला पोटात उपाशी ठेवलं आणि दुसऱ्याला साखरेत बुडवतेय, असं वाटत राहतं. दोघांचंही मी आधीच वाटोळं केलंय का? मुलीच्या फाइलमधलं वजन-उंचीचं पान जोडते आहे. तेवढं तरी बघून तुम्हालाही बरं वाटेल.
– एक हाताशी, एक पोटाशी’

आज रात्री जेवा. बाकीचं उत्तर जेवल्यावर वाचलंत तरी चालेल.

सकाळचा आकडा रात्रीच्या ताटातून येतो असं सगळ्यांनाच वाटतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण झोपेत आपण काही खात नसतो, तरी मेंदूला आणि बाळाला साखर लागतच असते. ती रात्रभर यकृत बनवतं आणि रक्तात सोडतं. ‘आता पुरे’ हे यकृताला सांगायचं काम इन्सुलिनचं. गरोदरपणात वारेतून (प्लॅसेंटातून) जे हार्मोन येतात, ते इन्सुलिनचा आवाज दाबतात. मधल्या तिमाहीपासून हा दाब वाढत जातो, म्हणून तर चाचणी २४ ते २८ आठवड्यांत करतात. इन्सुलिन स्वादुपिंड बनवतं. ज्यांचं स्वादुपिंड आवाज चढवू शकतं त्यांची शुगर ठीक राहते. तुमचं कमी पडतंय. त्यामुळे यकृत ऐकत नाही आणि पहाटे साखर ओतत बसतं. तुम्ही रात्री जेवलात की नाही, याचं त्याला फारसं देणंघेणं नाही. उलट १२-१४ तासांचा उपास पडला की शरीर चरबी जाळायला घेतं, रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढतात, आणि गरोदरपणात हे फार लवकर होतं. अर्धा किलो वजन उतरलं ते याच खात्यातलं. २७व्या आठवड्यात वजन उतरणं ही मला अजिबात आवडलेली गोष्ट नाही.

गरोदरपणात दिवसाला निदान १७५ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत असा आहारशास्त्राचा दंडक आहे, शुगर असली तरीही. ती तीन जेवणांत आणि दोन-तीन छोट्या खाण्यांत विभागायची, सोबत प्रथिनं ठेवायची आणि साखर घातलेली पेयं व फळांचे रस बंद करायचे. काही जणींचा सकाळचा आकडा झोपण्याआधी थोडंसं खाल्ल्यावर उतरतो. ऐकायला उफराटं वाटतं, पण करून बघा. आणि एवढं करूनही तो ९५च्या खाली येत नसेल, तर ज्या औषधाला तुम्ही घाबरताय तेच घ्यायची वेळ आली आहे.

बाळापर्यंत तुमची साखर जाते, इन्सुलिन जात नाही. कोपनहेगनच्या यॉर्गेन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही गोष्ट आजही या विषयाचा पाया आहे. आईच्या रक्तातली साखर वार ओलांडून सरळ बाळात उतरते. आईचं इन्सुलिन मात्र वारेच्या अलीकडेच थांबतं. मग आलेली जादा साखर निस्तरायला बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन बनवायला लागतं. पोटातल्या बाळासाठी इन्सुलिन हे वाढीचंही औषध असतं. त्यामुळे बाळ नुसतं मोठं होत नाही, त्याच्या खांद्यांवर आणि पोटावर चरबी चढते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात बंद होतो, पण बाळाच्या रक्तातलं इन्सुलिन तितकंच असतं, म्हणून जन्मानंतर अशा बाळांची शुगर झपकन खाली जाते. म्हणजे बाळावर इन्सुलिनचा मारा होतोय तो आत्ता, तुम्ही इंजेक्शन घेत नसताना. तुमच्या पोटाला टोचलेली सुई तो कमी करेल.

(एक जाता जाता. शुगरची वही डॉक्टरांना दाखवाल तेव्हा वाईट आकडे गाळू नका. वहीत ८९, ९०, ९१ असे सुबक आकडे ओळीने दिसले की मी न बोलता मशीनची मेमरी उघडते. दोनदा त्यात वेगळंच काहीतरी निघालं आहे. दोन्ही वेळा बाई रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या.)

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. नणंदेने पाठवलेल्या लेखात जे लिहिलंय ते खोटं नाही. खोटं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

या विषयातला मला सर्वांत पटलेला पुरावा भावंडांचा आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पिमा नावाचा आदिवासी समाज आहे, त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचं प्रमाण फार मोठं. तिथे संशोधकांनी अशी घरं शोधली, जिथे आईला मधुमेह होण्याआधी एक मूल झालं होतं आणि झाल्यानंतर दुसरं. आई तीच, बाप तोच, स्वयंपाकघर तेच. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या भावंडांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता आधीच्या भावंडांच्या तिपटीहून जास्त निघाली, आणि त्यांचं वजनही जास्त होतं. मग हेच वडिलांच्या बाबतीत तपासलं. बापाला मधुमेह होण्याआधीचं मूल आणि नंतरचं मूल यांत असा फरक दिसला नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतोच, दोन्ही बाजूंनी असतो. पण त्याखेरीज गर्भाशयातल्या साखरेचा स्वतंत्र वाटा आहे, हे यावरून नाकारता येत नाही.

पण त्या आयांना मधुमेह होता, तोही पक्का. तुमचं ९८ आणि १६८ त्या पंक्तीत बसत नाही. २००८ साली ‘हापो’ हा मोठा अभ्यास आला. ९ देशांतल्या २५ हजारांहून जास्त गरोदर बायकांना ग्लुकोज पाजून शुगर मोजली होती. त्यात दिसलं की आईच्या शुगरच्या प्रत्येक पायरीगणिक बाळाचं वजन, बाळाच्या रक्तातलं इन्सुलिन थोडं थोडं वाढत जातं. एका ठरावीक आकड्याखाली सगळं सुरक्षित आणि त्यावर सगळं संपलं, अशी रेषाच सापडली नाही. तिथे उतार आहे. १०२ वरून ९२ वर आलात तर तेवढ्यापुरतं उतरलात. तुमच्या मनात मात्र कडेलोट आहे आणि तुम्ही आधीच पडला आहात, असं पत्र वाचून वाटलं.

उपचारांचा उपयोग होतो का? ताबडतोबीचा होतो, आणि चांगला होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गरोदरपणातल्या मधुमेहाच्या १,००० बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. एका गटाला आहार, मशीन आणि लागेल तिथे इन्सुलिन दिलं. दुसऱ्याला नेहमीची देखरेख. ४ किलोंच्या वर जन्मलेली बाळं दुसऱ्या गटात २१ टक्के, पहिल्यात १० टक्के. जन्माच्या वेळचे गंभीर धोकेही ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. मग त्यांतली काही मुलं ४-५ वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजली, तर दोन्ही गटांच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यात, फरक नव्हता.

हे मी तुमच्यापासून लपवू शकले असते. उपचार घ्या म्हणजे मूल आयुष्यभर सुरक्षित, असं लिहिलं असतं तर तुम्हाला आज झोप लागली असती. पण त्या निकालात तुमच्यासाठी वाईट बातमीपेक्षा जास्त काहीतरी आहे. गर्भातले नऊ महिने आधीच सगळं ठरवून टाकत असते, तर वजनात एवढा फरक घेऊन जन्मलेले दोन गट पाच वर्षांत एकसारखे झाले नसते. जन्मानंतरची वर्षं तितकीच जोरकस असतात, चांगल्या दिशेने आणि वाईटही. आणि इथे मला तुमच्या मोठीबद्दल बोलायचं आहे.

आधी तिच्या जन्माचं. तुम्ही लिहिलंत, ‘उपाशी ठेवलं’. काय केलं असतंत म्हणजे उलट्या थांबल्या असत्या? पूर्वी अशा बायकांना सांगत, मनाचे खेळ आहेत, बाळ नकोसं आहे म्हणून होतंय. २०२३च्या डिसेंबरमध्ये एक शोधनिबंध आला आणि त्या बोलण्याची हवाच निघाली. बाळ आणि वार ‘जीडीएफ१५’ नावाचा हार्मोन बनवतात. जिच्या रक्तात गरोदरपणाआधी तो कमी असतो, तिला नंतरची ही लाट सहन होत नाही आणि तिच्या उलट्या भयंकर होतात. म्हणजे तुमच्या वागण्याशी किंवा इच्छाशक्तीशी याचा संबंध नव्हता. सात महिने ओकत ओकत तुम्ही बाळ पूर्ण दिवसांवर आणलंत.

२ किलो १०० ग्रॅम याला मात्र अर्थ आहे. १९११पासून इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली परिचारिका घरोघर जाऊन प्रत्येक बाळाची नोंद ठेवत. जन्माचं वजन, अंगावरचं दूध की बाटलीचं, वर्षाचं झाल्यावर वजन किती, दात किती आले. जाडजूड वह्यांत शाईने लिहिलेल्या या ओळी दशकानुदशकं कुणी पाहिल्या नव्हत्या. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या पडल्या, आणि त्यांनी १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते शोधून काढलं. जन्मतः आणि विशेषतः वर्षाच्या वयाला जे सर्वांत हलके होते, त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत जास्त. १९८९ साली हे छापून आलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. हृदयरोग म्हणजे सिगारेट, लोणी आणि ऑफिसातला ताण, त्यात पाळण्याचा काय संबंध? पुढे मधुमेहाच्या बाबतीतही तेच चित्र दिसलं. १९९२ साली हेल्स आणि बार्कर यांनी त्याचं स्पष्टीकरण मांडलं. पोटात पुरवठा तुटपुंजा असला तर बाळ काटकसर शिकतं. मेंदूला आधी देतं, स्वादुपिंड, स्नायू, मूत्रपिंड यांच्या वाट्याचं कापतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माआधीच बनून होतात, नंतर नव्या येत नाहीत. अशी काटकसरी बांधणी पुढेही टंचाईच असेल तर कामाची. पुढे ताट भरलेलं मिळालं की तीच अंगलट येते.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. अधिकृत शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला होता. त्या काळात पोटात असलेल्या मुलांचा माग आजवर घेतला जातोय. दुष्काळ गरोदरपणाच्या मध्यावर किंवा शेवटी गाठला त्यांची शुगर पन्नाशीत जास्त बिघडलेली होती. पहिल्या महिन्यांत गाठला आणि नंतर अन्न आलं, त्यांची वजनं जन्मतः चक्क नेहमीसारखी होती, तरी पुढे लठ्ठपणा आणि हृदयविकार त्यांच्यात वाढलेला. साठ वर्षांनंतर, २००८ साली, त्यांच्या जनुकांवरच्या रासायनिक खुणा भावंडांपेक्षा वेगळ्या सापडल्या. तुमची सकाळची शुगर उतरवण्यासाठी पोटाला चिमटा काढू नका, असं मी पहिल्याच ओळीत का लिहिलं ते कळलं असेल. कमी पुरवठा आणि जास्त साखर ही दोन टोकं वाटतात, पण दोन्हींकडून वाट एकाच गावाला जाते.

पुण्याजवळच्या ६ गावांत १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने सुरू केलेल्या अभ्यासात तर ही दोन टोकं एकाच बाळात दिसली. सरासरी २.७ किलोंची बाळं, स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ साडेतीन किलोंच्या इंग्लिश बाळांइतकीच राखलेली. दिसायला किरकोळ आणि आतून गुटगुटीत.

आता ते पान.

तुम्ही बरं वाटावं म्हणून पाठवलंत. मी ते तीनदा पाहिलं. चौथ्या वर्षी १५ किलो, १०१ सेंटिमीटर. बीएमआय १४.७. सहाव्या वर्षी साडेवीस किलो, ११५ सेंटिमीटर, बीएमआय १५.५. सातव्या वर्षी २५ किलो, १२० सेंटिमीटर, म्हणजे १७.४. कुणीतरी हिरव्या पेनाने शेवटच्या वजनापुढे ‘शाब्बास’ लिहून हसरा चेहरा काढलाय. ७ वर्षांच्या मुलीचा मधला आकडा १५.४च्या आसपास असतो. तुमची मुलगी लठ्ठ नाही. समोर आली तर मीही ‘छान आहे हो’ म्हणेन. पण एका वर्षात साडेचार किलो आणि उंची ५ सेंटिमीटर, ही रेघ ज्या चढणीला लागली आहे ती मला काळजीची वाटते. तुमच्या सकाळच्या १०२ पेक्षा जास्त.

कारण सांगते. दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांची वजन-उंची लहानपणापासून नियमित मोजून ठेवली होती. ती २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर १,४९२ जणांची शुगर तपासली आणि २००४ साली निकाल आला. ज्यांची शुगर बिघडली होती त्यांचं बालपण कसं होतं? पहिली दोन वर्षं बारीक. त्यानंतर बीएमआयची रेघ चढत गेलेली. मुलांचा बीएमआय पहिल्या वर्षानंतर उतरतो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि मग चढतो. या मुलांचा तळ लवकर आला होता. आणि १२व्या वर्षी त्यांतलं एकही मूल लठ्ठ नव्हतं. ‘अंग धरलंय’ असंच त्यांच्याही घरी म्हणत असणार.

म्हणून पहिली दोन वर्षं तिला जे भरवलंत, त्याबद्दल मनात काही आणू नका. हर्टफर्डशायरच्या वह्या काय सांगतात? वर्षाच्या वयाला हलकं राहिलेलं बाळ धोक्यात. तेव्हा वाढवणं बरोबरच होतं. चुकतं ते एवढंच की काडीसारख्या जन्मलेल्या मुलाची धास्ती घरातून जात नाही. मूल भरलं तरी भरवणारा हात थांबत नाही. माझ्याही हातून हे झालंय. वर्षानुवर्षं मी कमी वजनाच्या मुलांच्या आयांना दर भेटीत ‘वजन छान वाढतंय’ म्हणत आले, आणि वयाची दोन वर्षं उलटल्यावर हे वाक्य बदलायला हवं हे मला फार उशिरा कळलं.

आणि कृपा करून तिचं डाएट सुरू करू नका. ७ वर्षांच्या वाढत्या मुलीचं वजन उतरवायचं नसतं. ते काही महिने हळू चढू द्यायचं, उंची वाढतच असते, आकडा आपोआप खाली येतो. ताटात उरलं तर उरू द्या. भूक संपल्यानंतरचा तो शेवटचा घास, ‘आईसाठी एक’ वगैरे, तो आधी बंद करा. घरात रस, सरबतं, गोड दूध ज्या ज्या निमित्ताने येत असेल ते बघा. पेयातली साखर पोटाला मोजता येत नाही. टीव्हीसमोर जेवण नको. रोज तासभर घाम येईल असा खेळ, आणि ९ तासांच्या वर झोप. बक्षीस म्हणून खाऊ देण्याची सवय सर्वांत चिवट असते आणि ती बहुधा आजी-आजोबांकडे असते. तिथे तुम्ही न बोलता मुलीच्या बाबांनी बोलावं. तिच्यासमोर वजनाचा विषय कुणीच काढायचा नाही, ‘काडी’ नको आणि ‘गुबगुबीत’ही नको. वर्षातून एकदा तिच्या डॉक्टरांकडून बीपी बघून घ्या, आणि कमरेचा घेर टेपने मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे आत्ता ६० सेंटिमीटरच्या आत.

हे सगळं पोटातल्या बाळालाही लागू आहे, फक्त दोन वर्षं पुढे. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून साखरेचं रेशनिंग होतं, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि लोकांचं साखर खाणं जवळजवळ दुप्पट झालं. त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं आता म्हातारी झाली आहेत. २०२४ साली त्यांची तुलना प्रसिद्ध झाली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत शिध्याचीच साखर मिळालेल्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता, आणि ज्यांना झाला त्यांना ४ वर्षं उशिरा झाला. त्या फायद्यातला साधारण एक तृतीयांश नुसत्या गर्भातल्या काळाचा होता. उरलेला जन्मानंतरचा. तो अजून अख्खाच्या अख्खा तुमच्या पुढ्यात आहे.

नणंदबाईंबद्दल मला फार लिहायचं नाही. लेख खरा असला तरी ‘वाचून घे’ हे ज्याला पाठवायला हवं होतं ते नाव चुकलं. मुलीच्या ताटात कोण काय वाढतं, बाळंतपणात घरकाम कोण उचलतं, घरात गोड पेयाची बाटली कोण आणतं, गरोदर बाईसमोर सिगारेट कोण ओढतं, हे एकट्या आईच्या हातात नसतं. तो लेख घरातल्या बाकीच्यांना पाठवा. तुम्ही झोपा. नाहीतरी अपुऱ्या झोपेने सकाळची शुगर सुधारत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, म्हणजे तुमच्या डोक्यातही नसणार. वार पडली की शुगर बहुतेक जणींची एक-दोन दिवसांत जागेवर येते, आणि मग मशीन कपाटात जातं. पण गरोदरपणात जिला मधुमेह झाला, तिला पुढे टाइप २ होण्याची शक्यता इतरांच्या ७ ते १० पट असते. अंगावर पाजल्याने ती काही प्रमाणात कमी होते, बाळाला तर फायदा आहेच. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन तीच चाचणी पुन्हा करायची, मग दर १ ते ३ वर्षांनी. पुन्हा बाळाचा विचार झालाच तर त्याआधी नक्की. बहुतेक बायका पहिलीच चाचणी चुकवतात, कारण दीड महिन्याचं बाळ घेऊन उपाशीपोटी निघायचं आणि दोन तास बाकावर बसायचं कुणाला जमतं? बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवसालाच ती जोडून टाका. लसीच्या कार्डावर आत्ताच पेन्सिलने स्वतःचं नाव लिहून ठेवा. आणि त्या दिवशी डबा घेऊन कुणालातरी सोबत न्या, म्हणजे दुसरी सुई टोचून झाली की तिथेच खाता येईल.